जुने मित्र आणि नाशिकचे मळे: वाचकांचे प्रश्न

यंदा आलेल्या पत्रांत एकच बेत वेगवेगळ्या तऱ्हेने आला आहे. शाळा-कॉलेजातली मंडळी नोकरीनिमित्त नाशिकला गेली, तिकडेच घरं केली. आता त्यांची भेट घ्यायची आणि त्याच फेरीत वाइनरीही बघायच्या. लांब पत्रं आम्ही आटोपती करून घेतली आहेत.

लातूरहून: आम्ही सहा वर्गमित्र. येळवस झाली की हरभरा काढणीपर्यंत थोडी उसंत असते, म्हणून जानेवारीत निघावं म्हणतो. नाशिकचा मित्र म्हणतो, मे महिन्यात लेकरांच्या सुट्टीत या. कधी गेलेलं बरं?

जानेवारीचा शेवटचा आठवडा ते मार्चचा पहिला आठवडा, याच काळात जा. मे महिन्यात मित्र भेटेल, पण द्राक्ष भेटणार नाही. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते आणि पीक एकदाच घेतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, त्यामुळे मे महिन्यात बागेत नुसत्या नव्या फुटी दिसतात. पावसाळ्यात सगळं हिरवंगार असतं, पण घड नसतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी होते आणि तिच्यानंतर चार-पाच महिन्यांनी माल तयार होतो. फेसाळ वाइनची द्राक्षं आंबटपणा टिकावा म्हणून सगळ्यांत आधी तोडतात, मग पांढऱ्या वाइनची, आणि शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यॉसारखी काळी द्राक्षं शेवटी.

तोडणीच्या दिवसांत गेलात तर वाइनरी चालू असलेली दिसते. क्रेट भरून आलेली द्राक्षं, देठ वेगळे करणारं यंत्र, प्रेसमधून गळणारा रस, टाक्यांत फसफसणारं काळं द्राक्ष, हे सगळं एकाच फेरीत बघायला मिळतं. इतर महिन्यांत त्याच जागी धुतलेल्या स्टीलच्या टाक्या आणि माहिती सांगणारा माणूस एवढंच असतं. फळ थंड असताना तोडावं लागतं म्हणून तोडणी पहाटे सुरू होते. तेव्हा सकाळची पहिली फेरी घ्या. दुपारी चारला गेलात तर कामगार घरी गेलेले असतात.

तारखा ठरवताना एक चूक फार जण करतात. २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली की तीच धरतात. तो दिवस राज्यभर ड्राय डे असतो. बाग बघता येईल, पण टेस्टिंग नाही आणि बाटलीविक्रीही नाही. मतदान आणि मतमोजणीच्या काळातही तेच. शक्यतो मंगळवार ते गुरुवार निवडा. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी असते आणि माहिती देणाऱ्याला पाच मिनिटंही थांबता येत नाही. फेब्रुवारीत सुला या वाइनरीचा संगीत महोत्सव असला तर गंगापूर धरणाच्या बाजूला खोलीही मिळत नाही, हे आधी बघून घ्या. आणि सिंहस्थाचं लक्षात ठेवा: २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मुख्य स्नानपर्वं आहेत. त्या दिवसांत हा बेत नकोच.

परभणीहून: रेल्वेने जावं की गाडीने?

चौघांपर्यंत असाल तर रेल्वे. तपोवन एक्सप्रेस परभणी, जालना, संभाजीनगर, मनमाड करत संध्याकाळी नाशिक रोडला पोचवते. देवगिरीने गेलात तर मध्यरात्र उलटल्यावर उतराल, आणि साठीतल्या मित्राला तीन वाजता स्टेशनवर बोलावणं बरं नाही. नाशिक रोड स्टेशन शहरापासून नऊ-दहा किलोमीटर लांब आहे. मित्राचं घर गंगापूर रोडला असेल तर संध्याकाळच्या रहदारीत पाऊण ते एक तास धरा.

गाडीने जायचं तर जालन्याला समृद्धी महामार्गावर चढा, सिन्नरजवळ गोंद्याला उतरा आणि पुणे-नाशिक रस्त्याने शहरात या. गाडीला वेगमर्यादा १२० आहे, पण जुन्या टायरवर तो वेग धरू नका. सरळसोट काँक्रीटवर टायर तापतो. कमी हवा असली तर त्याच्या बाजू सतत दुमडतात, आणखी तापतात आणि फुटतो. निघण्याआधी थंड टायरमध्ये हवा तपासा, स्टेपनीतलीही. तासाभराने थांबा, एकसारख्या रस्त्यावर डोळा लागतो. वाटेत हॉटेलं विरळ आहेत, तेव्हा पाणी आणि दशम्या सोबत हव्यातच.

जाताना एकदा तरी जुन्या रस्त्याने, वैजापूर-येवल्याहून जावं असं आमचं मत आहे. येवल्याच्या पुढे विंचूर लागतं. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, तेव्हा दोन वाइन पार्क ठरवले: एक हे विंचूर, दुसरं सांगली जिल्ह्यातलं पलूस. विंचूर-निफाड पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बागा आहेत, आणि नाशिकची द्राक्षं म्हणजे काय ते तिथेच नीट कळतं.

संभाजीनगरहून: दोन दिवस हातात आहेत. पाच वाइनऱ्या होतील का?

होतील, पण तिसरीनंतर कुठे काय प्यालो ते आठवणार नाही. दिवसाला दोन पुरे. एक सकाळी साडेदहा-अकराला, दुसरी जेवणानंतर चारच्या सुमारास.

नाशिकच्या वाइनऱ्या एका ओळीत नाहीत, त्या वेगवेगळ्या दिशांना पसरल्या आहेत, आणि बेत फसतो तो इथेच. पश्चिमेला गंगापूर धरणाकडे सुला, यॉर्क आणि सोमा आहेत. शहरापासून १२-१५ किलोमीटर, एकमेकींना अगदी लागून. सुलाची पहिली लागवड १९९७ ची आणि पहिली वाइन २००० ची. यॉर्क त्या मानाने लहान आहे, तिथे निवांत बोलता येतं. उत्तरेला दिंडोरीकडे शांदोन आहे, फेसाळ वाइन बनवणारी. नैऋत्येला इगतपुरी तालुक्यात कावनईला व्हॅलोने आणि सांजेगावला ग्रोव्हर झांपा. या बाजूला जायला एकेरी तासाहून जास्त लागतो.

म्हणून पहिला दिवस गंगापूरचा ठेवा. एक मोठी वाइनरी आणि एक लहान, म्हणजे दोन्ही पद्धती दिसतात. दुसऱ्या दिवशी दिंडोरी किंवा इगतपुरी, दोन्ही नाही. दिंडोरीच्या रस्त्यावर पुढे वणीची सप्तशृंगी आहे. बऱ्याच जणांना गडावरही जायचं असतं. मग गड सकाळी, दर्शन झालं की उतरून जेवण, आणि वाइनरी शेवटी. उलटा क्रम लावू नका. त्र्यंबकेश्वरचंही तसंच, तिथे वाइनरीचा विचारच वेगळ्या दिवशी करा.

दोन दिवस आधी फोन करून वेळ घ्या आणि चार गोष्टी विचारा: फेरी किती वाजता, टेस्टिंगमध्ये किती वाइन, शुल्क काय, आणि जेवण मिळतं का. लहान ठिकाणी स्वयंपाकघर सकाळच्या नोंदणीवर चालतं. न सांगता सहा जण गेलात तर चीजचे चार तुकडे खाऊन परत याल.

जालन्याहून: टेस्टिंग कधी केलेलं नाही. तिथे अडाणी दिसू नये म्हणून काय करावं?

अडाणी दिसण्याची भीती सोडा. तिथला माणूस रोज पन्नास नवख्यांना शिकवतो. तयारी मात्र जिभेची करावी लागते.

त्या दिवशी सकाळी अत्तर, सेंट, वासाचं तेल लावू नका. अर्धं टेस्टिंग नाकानेच असतं. पान, तंबाखू, बडीशेप, पेपरमिंट दोन तास आधीपासून बंद. आणि नाशिकला गेल्यावर मिसळ खाल्लीच पाहिजे हे कबूल, पण तर्रीची मिसळ खाऊन लगेच टेस्टिंगला जाऊ नका. तिखटाने पोळलेल्या जिभेला वाइन फक्त आंबट आणि जळजळीत लागते. मिसळ आदल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. टेस्टिंगच्या सकाळी पोहे, उपमा, भाकरी-दही असं काही पोटभर खा. रिकाम्या पोटी मद्यार्क झपाट्याने रक्तात जातो.

प्रत्येक वाइन साधारण ३० मिलिलिटर देतात. ग्लास दांड्याला धरा, कारण हाताच्या उबेने पांढरी वाइन पटकन गरम होते. आधी पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपा धरून रंग बघा. मग न हलवता वास घ्या, ग्लास गोल फिरवून पुन्हा घ्या. दुसऱ्या वेळी वास बदलतो, तो ओळखा. सोव्हिन्यॉ ब्लाँ या पांढऱ्या वाइनमध्ये हिरव्या ढोबळी मिरचीचा वास असतो आणि तो खरोखरच मिरचीतल्याच प्रकारच्या रसायनामुळे येतो. घोट तोंडात पाच-सहा सेकंद फिरवा. तोंडाला पाणी सुटलं तर तो आंबटपणा. हिरड्या आणि गाल कोरडे पडले, कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखं झालं, तर ते टॅनिन. काळ्या द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं, म्हणून लाल वाइनमध्ये जास्त.

क्रम त्यांनी लावलेला असतो: फेसाळ, पांढरी, रोझे म्हणजे गुलाबी, लाल, शेवटी गोड. तो मोडू नका. लालनंतर पांढरी पाण्यासारखी लागते. टेबलावर एक भांडं ठेवलेलं असतं, ते थुंकण्यासाठी आणि उरलेलं ओतण्यासाठी. त्यात ओतण्यात कसलाही अपमान नाही, जाणकार तेच करतात. न आवडलेली वाइन संपवायची गरज नाही. दोन वाइनच्या मध्ये पाण्याचा घोट आणि साधा पाव.

सहा जणांनी मिळून एक गोष्ट करून बघा. प्रत्येकाने आपली आवडती वाइन न बोलता कागदावर लिहायची आणि मग कागद उघडायचे. माहिती देणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ‘हो हो, स्ट्रॉबेरी’ म्हणण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि शाळेत एका बाकावर बसलेल्यांच्या जिभा किती वेगळ्या झाल्यात तेही कळतं.

बीडहून: एवढ्याशा घोटांनी काय होतंय? गाडी आम्हीच चालवली तर?

चालवू नका. हिशोब असा आहे: ३० मिलिलिटरच्या पाच वाइन म्हणजे १५० मिलिलिटर, पूर्ण एक ग्लास. दोन वाइनऱ्यांत ३०० मिलिलिटर. १३ टक्के मद्यार्काच्या वाइनमध्ये ते साधारण ३० ग्रॅम शुद्ध मद्यार्क होतं. शरीर तासाला ७ ते १० ग्रॅमच संपवतं. कॉफी, लिंबूपाणी, ताक यांनी हा वेग वाढत नाही. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली तर पहिल्याच वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

दिवसभरासाठी चालकासह गाडी ठरवा. मोबाइलवर बोलावलेली टॅक्सी जाताना मिळते, संध्याकाळी धरणाच्या बाजूने परत यायला मिळेलच असं नाही. नाशिकच्या मित्राला ‘तूच चालव, तुझंच गाव आहे’ असं सांगू नका. त्यालाही तुमच्यासोबत बसायचं असतं.

आणि वयाचं: महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय २१ आहे. सोबत कॉलेजातला मुलगा असेल तर त्याचं ओळखपत्र घ्या.

अंबाजोगाईहून: आमच्यात दोघं पीत नाहीत, एकाला शुगर आहे, आणि दोन कुटुंबं लेकरांसह येणार. बेत जमेल?

जमेल. फक्त मुक्कामाचे तास वाटून घ्या. बागेची फेरी सगळ्यांनी मिळून करा, लेकरांना वेलीखालून चालायला आवडतं. टेस्टिंगच्या पाऊण तासात न पिणारे, बायका-मुलं गंगापूर धरणाच्या काठाला जाऊ शकतात. लहान मुलांना टेस्टिंगच्या खोलीत घेतात की नाही, हे ठिकाणानुसार बदलतं, फोनवरच विचारा. न पिणाऱ्याला ‘एक घोट घे, काय होतं’ म्हणायचं नाही, चाळीस वर्षांची मैत्री असली तरी.

शुगरवाल्यांनी जपावं. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असताना रिकाम्या पोटी मद्य घेतलं तर साखर एकदम उतरते, कधी रात्री उशिरा. त्याची लक्षणं नशेसारखीच दिसतात, घाम, थरथर, बडबड, आणि सोबतचे लोक हसण्यावारी नेतात. म्हणून आधी डॉक्टरांना विचारा, खाल्ल्यावरच घ्या, खिशात ग्लुकोज ठेवा आणि एका मित्राला सांगून ठेवा. मेट्रोनिडॅझोल हे जंतुसंसर्गावरचं औषध चालू असेल तर एक थेंबही नको.

खर्चाचे तीन भाग करा: गाडी आणि जेवण सगळ्यांत, टेस्टिंग फक्त घेणाऱ्यांत, बाटल्या ज्याच्या त्याच्या. हे निघण्याआधी ठरवा. परत आल्यावर पैशांचा विषय काढला की कुणाला तरी लागतंच.

नांदेडहून: गेल्या उन्हाळ्यात आणलेल्या लाल वाइनचं बूच वर आलं आणि चव शिजवलेल्या मनुक्यासारखी लागली. बाटली खराब होती का?

बाटली बहुतेक चांगलीच होती, उन्हाने गेली. उन्हात बंद उभी केलेली गाडी आतून ५५-६० अंशांपर्यंत तापते. द्रव फुगतो, बूच वर ढकलतो, फटीतून हवा आत जाते. मनुक्याची चव ही तापल्याची खूण आहे आणि ती परत उतरत नाही. बूच वर आलेली बाटली पिऊन आजारी पडणार नाही, पण पाहुण्यांपुढे ठेवू नका.

आणताना बाटल्या डिकीत नको, एसी चालू असलेल्या गाडीत पायाशी ठेवा. थर्माकोलचा खोका, प्रत्येक बाटलीभोवती वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या. वाटेत जेवायला थांबलात तर खोका सोबत सावलीत घ्या. खरेदी परतीच्या दिवशी सकाळी करा, पहिल्या दिवशी नाही. बिल जपून ठेवा. मे महिन्यात आणूच नका.

घरी ठेवणं हा मराठवाड्यातला खरा प्रश्न आहे. वाइनला १२ ते १५ अंश हवेत आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. स्वयंपाकघरातलं कपाट आणि फ्रिजच्या माथ्यावरची जागा सगळ्यांत वाईट. जुनं माळवदाचं घर असेल तर मधल्या खोलीत, जमिनीलगत, अंधारात ठेवा. मातीच्या जाड धाब्यामुळे आणि भिंतींमुळे तिथलं तापमान दिवस-रात्र फार बदलत नाही, आणि तीच गोष्ट वाइनला हवी असते. स्लॅबच्या घरात मात्र होळीनंतर सगळ्या बाटल्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. बुचाचंही लक्षात ठेवा: खऱ्या बुचाची बाटली आडवी ठेवायची, नाहीतर बूच सुकून आकसतं, फिरकीच्या झाकणाची उभी चालते.

आपल्याकडची बहुतेक पांढरी आणि रोझे वाइन वर्ष-दोन वर्षांत प्यायची असते. जुनी झाली की भारी होते हा समज चुकीचा आहे. उघडल्यावर झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा, लालसुद्धा. फेसाळ त्याच रात्री. तिच्या बाटलीत ५-६ वातावरणांइतका दाब असतो, तेव्हा ती बर्फाच्या कप्प्यात विसरू नका, फुटते. उघडताना बूच धरून बाटली फिरवा, तोंड माणसांकडे नको.

आणि ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला’ या वाक्यातली खोली नांदेडची नाही. १६ ते १८ अंश असा त्याचा अर्थ. उन्हाळ्यात प्यायच्या आधी लाल बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. पांढरी मात्र फ्रिजमधून काढून १५ मिनिटांनी ओता, फार थंड असली तर वासच येत नाही.

परतूरहून: मित्रांकडे जाताना काय न्यावं? आणि आपल्या तिखट जेवणासोबत वाइन चालते का?

दोन्हींचं उत्तर एकच: हुरडा. त्याचा हंगाम आणि तोडणीचा हंगाम एकच आहे. गूळभेंडी किंवा सुरतीची कणसं निघायच्या दिवशी सकाळीच कापा, ओल्या फडक्यात गुंडाळा, आणि त्याच संध्याकाळी मित्राच्या अंगणात गोवऱ्यांच्या आगटीत भाजा. दुसऱ्या दिवसावर टाकलं तर दाणा निबर होतो. भाजून नेला तर गोडी जाते. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि थंड सोव्हिन्यॉ ब्लाँ. हिरव्या दाण्याला हिरव्या वासाची वाइन लागू पडते. भूम-कुंथलगिरीकडचा खव्याचा पेढाही न्या, दोन-तीन दिवस टिकतो.

येसराची आमटी, काळ्या मसाल्याचं मटण यांच्याबरोबर जास्त टॅनिनची लाल वाइन घेऊ नका. तिखट आणि मद्यार्क एकमेकांना भडकवतात, टॅनिन आणखी कडू लागतं. त्याऐवजी शेनिन ब्लाँ ही किंचित गोडसर पांढरी वाइन किंवा रोझे घ्या, चांगली थंड. संभाजीनगरच्या नान-खलियाला, त्यात तिखट कमी आणि मसाला जास्त असल्याने, फळांच्या चवीची शिराझ शोभते.

धाराशिवहून: नाशिक फार लांब पडतं. जवळ काही?

अकलूज. माळशिरस तालुक्यात फ्राटेल्ली आहे, इटालियन आणि भारतीय कुटुंबांनी मिळून उभी केलेली. बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी या वाटेने जा. इटलीच्या सांजोव्हेझे जातीची लाल वाइन तिथे चाखा. नोंदणी केल्याशिवाय जाऊ नका.

औशाहून: आमच्याकडे दोन एकर थॉमसन द्राक्ष आहे. भाव पडला की माल वाइनरीला देता येईल का? घरी करून बघितली तर?

घरी करू नका. परवान्याशिवाय वाइन बनवणं महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ प्रमाणे गुन्हा आहे.

थॉमसन खाण्यासाठी घडवलेलं द्राक्ष आहे. मणी मोठा व्हावा म्हणून जीए या संजीवकाची फवारणी करतो, साल पातळ ठेवतो, १६ ते १८ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) तोडतो. वाइनला याच्या उलट हवं असतं: लहान मणी, जाड साल, बिया, २२-२४ ब्रिक्स गोडी आणि तरीही आंबटपणा. रंग, वास, टॅनिन बहुतेक सालीतच असतं. मणी जितका लहान तितकी रसाच्या प्रमाणात साल जास्त. एका ७५० मिलिलिटरच्या बाटलीला साधारण किलो-सव्वा किलो द्राक्षं लागतात.

वाइनच्या जाती लावायचा विचार असेल तर वाइनरीशी लेखी करार झाल्याशिवाय काडीही लावू नका. करारात जात, ब्रिक्स, तोडणी कोण ठरवणार, वजन कुठे होणार आणि पैसे किती दिवसांत, हे पाचही मुद्दे हवेत. २००८ नंतर मागणी घसरली तेव्हा नाशिककडच्या कित्येक शेतकऱ्यांचा माल कुणी उचलला नाही आणि त्यांना बागा उपटाव्या लागल्या. थॉमसन बाजारात विकता येतं, बेदाणा करता येतो. शिराझला वाइनरी सोडून दुसरं गिऱ्हाईक नाही. नाशिकला जाल तेव्हा टेस्टिंग झाल्यावर पाऊण तास काढून बागेच्या व्यवस्थापकाला भेटा. तोडणीच्या दिवसांत तो शेतातच असतो आणि शेतकऱ्याशी बोलायला नाही म्हणत नाही. जाताना आपल्या मातीचा आणि पाण्याचा तपासणी अहवाल खिशात असू द्या.